सहा मिलिमीटरच्या प्लेटवर साडेसहाचं रीडिंग

जाडी मोजणीचा रिपोर्ट दिसायला नीटनेटका होता. ॲल्युमिनियमच्या जुन्या बोटीच्या तळाचा नकाशा, त्यावर आखलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीत तिथल्या प्लेटच्या जाडीचा एक आकडा. एकूण ८४ रीडिंग्ज. मूळ प्लेट ६ मिमी, सर्वांत कमी रीडिंग ५.८, सर्वांत जास्त ६.७, आणि शेवटी शेरा की झीज मर्यादेत असून बोट समाधानकारक आहे. विकणाऱ्याने हा कागद पुढे केला आणि किंमत सांगितली.

घेणारे म्हणजे मालवणचे दोघे भाऊ. डायव्हिंगला येणाऱ्या पर्यटकांची ने-आण करायचा धंदा, आजवरच्या सगळ्या बोटी फायबरच्या. ॲल्युमिनियमची बोट घ्यायचा विचार पहिल्यांदाच. वजनाला हलकी, डिझेल कमी पिते, खडकाला घासली तर तडकत नाही, पोचा येतो एवढंच. थोरल्याने रिपोर्टचे फोटो मला पाठवले आणि फोन केला. "साहेबांनू, ह्या कागदार इस्वास ठेवूचो की परत मोजूचां?"

परत मोजायचं, हे त्या ६.७ ने ठरवलं. कारखान्यातून येणारी प्लेट अगदी ६.० नसते हे खरं, दशांश-दोन दशांश इकडेतिकडे चालतं. पण वीसेक वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेली प्लेट जाड होत नाही. बरं, असा एखादाच आकडा असता तर लिहिणाऱ्याचा हात घसरला म्हटलं असतं. इथे निम्म्याहून जास्त चौकटींत ६.३ च्या वरचे आकडे होते. कमी आलेल्या रीडिंगवर सगळ्यांची नजर जाते, जास्त आलेलं कुणाला खुपत नाही.

बोट १२ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद, दोन डिझेल इंजिनं, शाफ्ट आणि ब्राँझचे पंखे. बंदरात कर्मचाऱ्यांची ने-आण करण्यासाठी कधीकाळी बांधलेली. कागदपत्रांप्रमाणे प्लेट ५०८३ मिश्रधातूची, टेंपर, म्हणजे कडकपणाची प्रत, एच ११६. तळ ६ मिमी, बाजू ५ मिमी. गेले दोन पावसाळे ती काम नसल्यामुळे जेटीला नुसती बांधून होती. विकायची ठरली तेव्हा झुवारीच्या काठावरच्या एका लहान यार्डात वर ओढली. या दोन पावसाळ्यांना पुढे महत्त्व आलं.

आधीच्या रिपोर्टवाल्याला मी आळशी म्हणणार नाही. गोव्यात जाडी मोजणारी बरीच मंडळी तयार झाली ती खनिजाच्या बार्जेसवर. मांडवी आणि झुवारीतून मुरगावकडे लोहखनिज वाहणाऱ्या त्या पोलादी बार्जेस. पोलाद बहुतेक वेळा सरसकट झिजतं, पत्रा सगळीकडून थोडा थोडा पातळ होत जातो. तिथे चौकटी आखून ठरावीक अंतरावर रीडिंग घेणं अगदी योग्य आहे. आठ-दहा जागा बघितल्या की मधल्या जागेचा अंदाज बांधता येतो. ॲल्युमिनियम तसं वागत नाही. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो आणि तो शाबूत आहे तोवर वर्षानुवर्षं काही होत नाही. जिथे तो फुटतो आणि पुन्हा धरत नाही तिथेच खड्डा पडतो, आणि तो आत आत जातो. शेजारी चार बोटांवरची प्लेट नव्यासारखी असते.

आता थोडं गणित. मीटरचा प्लेटला टेकवायचा भाग म्हणजे प्रोब, त्याचा व्यास साधारण १० मिमी. एका रीडिंगखाली पाऊण चौरस सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त जागा येते. ८४ रीडिंग्जची मिळून ६६ चौरस सेंटिमीटर. या बोटीचा तळ ढोबळमानाने ३५ चौरस मीटर. म्हणजे पाच हजारांतला एक भागही तपासला गेला नव्हता. पोलादाला हे पुरतं, कारण तिथे नमुना उरलेल्याबद्दल काहीतरी सांगतो. खड्ड्यांच्या बाबतीत तो काहीच सांगत नाही.

पण रिपोर्टातली खरी गोम कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली होती: व्हेलॉसिटी ५९२०.

अल्ट्रासॉनिक मीटर जाडी मोजत नाही, वेळ मोजतो. प्रोबमधून ध्वनीचा ठोका प्लेटमध्ये जातो, पलीकडच्या पृष्ठभागावर आपटतो आणि परत येतो. जाऊन-येऊन लागलेल्या वेळाला वेगाने गुणायचं आणि निम्मं करायचं, की जाडी आली. वेग किती धरायचा हे मात्र आपण मीटरला सांगायचं असतं. पोलादात तो सेकंदाला ५,९२० मीटर, ॲल्युमिनियममध्ये ६,३२० च्या आसपास. मीटर पोलादाच्या ठोकळ्यावर लावून घेतला होता आणि तसाच बोटीला टेकवला होता. अशा मीटरवर ६.० मिमी ॲल्युमिनियम ५.६२ दिसतं. म्हणजे रिपोर्टात सगळे आकडे कमी यायला हवे होते. आले जास्त.

जास्त येण्याचं कारण रंग. तळावर प्रायमर, त्यावर इपॉक्सीचे हात, त्यावर शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात ते अँटीफाउलिंग, असा साधारण ०.४ मिमीचा थर होता. रंगातून ध्वनी फार सावकाश जातो, सेकंदाला अंदाजे २,४०० मीटर. मीटरला ते माहीत नाही. तो रंगात गेलेला वेळही धातूचाच समजून मोजतो, त्यामुळे ०.४ मिमी रंगाचा जवळजवळ १ मिमी धातू होतो. ५.६२ अधिक ०.९९ म्हणजे ६.६. रिपोर्टातले बरेचसे आकडे याच घरात होते.

दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. हे नुसतं गमतीचं असतं तर सोडून दिलं असतं. त्याच मीटरवर, त्याच रंगावरून, खरी जाडी ५.२ असलेली प्लेट मोजली तर काय येईल? ४.८७ अधिक ०.९९, म्हणजे ५.८६. आणि रंग निघून ०.१ मिमीच राहिलेल्या जागी धडधाकट ६.० ची प्लेट मोजली तर? ५.८७. रिपोर्टातला ५.८ हा आकडा चांगल्या प्लेटचा असू शकतो आणि आठ दशांश खाल्लेल्या प्लेटचाही. कागदावरून ते ओळखण्याचा काही मार्ग नाही. विकणाऱ्याच्या माणसाला मी हे दोन हिशेब मांडून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "पण साहेब, मीटर तर कॅलिब्रेट केलेला होता." होता, पोलादावर.

मोजायला आम्ही सकाळी लवकर लागलो. ऊन चढलं की प्लेट तापते, प्रोबखाली लावायचं जेल पातळ होऊन ओघळतं आणि माणूसही घाई करायला लागतो. पहिलं काम मीटरला या बोटीचा वेग शिकवणं. तळाला डेप्थ साउंडरचं जुनं भोक होतं, फिटिंग काढून टाकलेलं. त्याच्या कडेला मायक्रोमीटर लागत होता. प्लेट ५.९६ भरली. शेजारीच रंग काढून प्रोब टेकवला आणि मीटर ५.९६ दाखवेपर्यंत वेग हलवला. ६,३५० च्या आसपास जमला. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बोटीच्या स्वतःच्या धातूवर लावलेला मीटर केव्हाही बरा. अशी कडा कुठेतरी सापडतेच, भोकाची, डेकचं पाणी जायच्या वाटेची, नाहीतर बोटीच्या मागच्या सपाट भिंतीची.

रंग काढायला प्लॅस्टिकची पट्टी आणि मग बारीक पॉलिश पेपर. लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमला लावू नये. त्याचे कण धातूत रुतून बसतात आणि नंतर तिथेच खड्डा सुरू होतो. यार्डातला पोरगा तोच ब्रश घेऊन उत्साहाने धावत आला होता, त्याला थांबवावं लागलं.

मग मीटर इको-टू-इको पद्धतीवर टाकला. ठोका प्लेटच्या मागच्या पृष्ठभागावरून एकदा परततो, त्यातला काही भाग पुन्हा आत जाऊन दुसऱ्यांदा परततो. या दोन परतींमधलं अंतर घेतलं की रंगात गेलेला वेळ दोन्हींत सारखाच असल्यामुळे आपोआप वजा होतो. रंग न खरवडता निव्वळ धातूची जाडी मिळते. तळाच्या पहिल्या ओळीत ५.९, ६.०, ५.९ असे आकडे आले. पुढच्या ओळींतही तसंच. साडेसहा म्हणणारी एकही जागा उरली नाही.

थोरला भाऊ खूश. "मगे बरी आसा मा?"

डाव्या बाजूला, इंजिनाच्या मागे, कण्याला लागून असलेल्या दोन फ्रेम्सच्या, म्हणजे आतल्या आडव्या फासळ्यांच्या, मधल्या जागेत आकडा थरथरायला लागला. ५.९ दाखवायचा, मग १० च्या वर उडी मारायचा, मग पडदा कोरा. जेल पुन्हा लावलं, प्रोब नव्वद अंशांत फिरवून धरला, तरी कोरा. दोन बोटं बाजूला सरकलं की पुन्हा ५.९, अगदी स्थिर.

अशा वेळी शेजारचा आकडा लिहून पुढे सरकायची सवय या धंद्यात सर्रास आहे. रिपोर्टात रिकामी चौकट बरी दिसत नाही, गिऱ्हाईक प्रश्न विचारतं. जुन्या रिपोर्टात या जागेच्या चौकटीत ६.५ होतं. ते खरंच आलेलं की भरलेलं, हे आता कोण सांगणार?

आकडा न येण्याची कारणं दोन-तीन असतात. रंग धातूपासून सुटलेला असेल तर ठोका आत शिरतच नाही. आतून तिथे काहीतरी वेल्ड केलेलं असेल तर परत येणारा ध्वनी तिकडे निघून जातो. आणि मागचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर तो ध्वनी चहूकडे विखुरतो, दुसरी परत कमजोर पडते आणि इको-टू-इको पद्धतीला हवे असलेले दोन स्वच्छ ठोके मिळत नाहीत. रंगाचा प्रश्न लगेच मिटला. तळहाताएवढी जागा खरवडली, रंग चिवट होता, खालचा धातू लख्ख. बाहेरून बघणाऱ्याला त्या प्लेटमध्ये काही दोष आहे असं स्वप्नातही वाटलं नसतं. नकाशात त्या दोन फ्रेम्समध्ये काही जोडलेलं नव्हतं. राहिला मागचा पृष्ठभाग.

आता दुसरा प्रोब, दोन स्फटिकांचा. एक स्फटिक ठोका पाठवतो, दुसरा ऐकतो, आणि दोघे किंचित एकमेकांकडे कललेले असतात. त्यामुळे जवळचा, लहान, वाकडातिकडा परावर्तक त्याला जास्त चांगला दिसतो. खड्डे शोधायला हाच वापरायचा, पण उघड्या धातूवर, साध्या एकेरी पद्धतीने, आणि नुसत्या आकड्यावर न विसंबता ए-स्कॅनचा, म्हणजे परतणाऱ्या ठोक्यांचा आलेख दाखवणारा, पडदा बघत. पडद्यावर ५.९ ला एक उंच सुळका होता. प्रोब मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत गेलो तसा तो खचत गेला आणि त्याच्या डावीकडे, ४.३ पाशी, एक बारीक उंचवटा उभा राहिला. मीटरची संवेदनक्षमता वाढवल्यावर तो स्पष्ट झाला. थोडं पुढे तो ३.६ ला सरकला. मग ३.१. सर्वांत कमी २.७. या सगळ्या वेळात मीटरचा मोठा आकडा अधूनमधून ५.९ च दाखवत होता, कारण खड्ड्याच्या भोवतालच्या सपाट प्लेटची परत जास्त जोरदार होती. नुसता आकडा बघणाऱ्याला खड्डा दिसला नसता.

धाकट्याने विचारलं, "भोक पडूक नाय मां?" नव्हतं पडलं. पण बाहेरून गुळगुळीत आणि आतून निम्मी खाल्लेली, अशी ती जागा होती. आता आत उतरायला हवं होतं.

आतून त्या जागेवर बसवलेल्या फळीचे स्क्रू सुटता सुटेनात. शेवटी डोकी ड्रिल करून काढली. खाली फोमचा ठोकळा दोन फ्रेम्सच्या मध्ये ठोकून बसवलेला, बोट बुडू नये म्हणून. बाहेर काढताना दोघे जण लागले. पाणी पिऊन तो इतका जड झाला होता की खाली ठेवल्यावर त्याच्या चारी बाजूंनी पाणी निथळत राहिलं. प्लेटवर दह्यासारखा पांढरा लगदा. ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड हे, गंजाचा या धातूतला अवतार. लाकडाच्या चिपेने तो बाजूला केला तेव्हा खालचे खड्डे दिसले, काही उथळ आणि पसरट, काही बोरूने टोचल्यासारखे. पुष्कळ खड्ड्यांच्या कडेला तांबूस काळपट ठिपके होते.

ठिपके कुठून आले ते हातभर अंतरावरच दिसलं. बिल्ज, म्हणजे बोटीचा आतला तळ, तिथलं पाणी उपसणाऱ्या पंपाची धन वायर जोडून, पिळून, वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती आणि तो सांधा बिल्जच्या तळाशी पडलेला होता. टेप फुगून सुटली होती, आत हिरवी पूड, आणि तारांतल्या दोन-चारच शाबूत. पंप अर्थातच बंद. फ्रेम्सच्या बुडाला पाणी वाहून जायची जी भोकं असतात ती फोमच्या तुकड्यांनी आणि कुणीतरी मारलेल्या सीलंटने बुजलेली. दोन पावसाळ्यांचं पाणी तिथेच साचून राहिलं होतं.

"म्हणजे करंट उतरला," धाकटा म्हणाला. ॲल्युमिनियमची बोट खाल्ली गेली की पहिला संशय करंटवर जातो आणि तो बहुतेक वेळा रास्तही असतो. एक अँपिअर प्रवाह वर्षभर ॲल्युमिनियममधून पाण्यात जात राहिला तर हिशेबाने २.९ किलो धातू विरघळतो. एवढा प्रवाह लपून राहत नाही म्हणा, पण दहा मिलिअँपिअर सहज लपतो. त्यात वर्षाला २९ ग्रॅम जातात, म्हणजे ११ घन सेंटिमीटर. ६ मिमी प्लेटमध्ये तेवढ्यात १८ चौरस सेंटिमीटरचं आरपार भोक पडतं.

पण इथे दिशा जुळत नव्हती. प्रवाह धातूतून बाहेर पाण्यात जिथे पडतो तिथे धातू खाल्ला जातो. पाण्यातून धातूत शिरतो तिथे नाही. मल्टिमीटरने बघितलं तर बॅटरीचं ऋण टोक बोटीच्या अंगाला जोडलेलं होतं. त्यामुळे धन सांध्यातून निघालेला प्रवाह बिल्जच्या पाण्यातून प्लेटमध्ये शिरून बॅटरीकडे परत जात होता. त्यात विरघळायला हवं होतं वायरचं तांबं, आणि ते विरघळलंच होतं. किनाऱ्यावरच्या विजेचा किंवा दुसऱ्या कुठल्या प्रवाहाचा हा उद्योग असता तर खड्डे बाहेरच्या बाजूने, पंखे आणि शाफ्टच्या जवळपास मिळायला हवे होते. बाहेर तर प्लेट आरशासारखी.

माझ्या मते झालं ते असं. विरघळलेलं तांबं पाण्यातून येऊन ॲल्युमिनियमवर ठिपक्याठिपक्याने बसलं. खाऱ्या पाण्यात तांब्याचा प्रत्येक ठिपका भोवतालच्या ॲल्युमिनियमबरोबर एक चिमुकली बॅटरी तयार करतो, आणि त्यात संपतं ते ॲल्युमिनियम. शिवाय जिथे प्रवाह धातूत शिरतो तिथलं पाणी अल्कधर्मी होतं. ॲल्युमिनियमचा पापुद्रा साधारण ४ ते साडेआठ पीएचमध्येच टिकतो, त्या पलीकडे तो विरघळतो. आणि वरून ओला फोम, जो ना सुकू देतो ना हवा लागू देतो. नुसता फोम असता तर पसरट, उथळ झीज मिळाली असती. ती शेजारच्या कप्प्यात मिळालीच, दोन-तीन दशांशांची. टोचल्यासारखे खोल खड्डे तांब्याचे. तेव्हा करंटवर संशय घेणाऱ्या धाकट्याचं पुरतं चुकलं नव्हतं, वाट वेगळी होती एवढंच.

कारण शोधण्यात इतका वेळ घालवायचा तो दुरुस्ती त्यावर ठरते म्हणून. किनाऱ्याच्या विजेचा दोष असता तर किनाऱ्याच्या वायरीतून येणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या म्हटलं असतं, आणि ही वायर व फोम आहे तिथेच राहिले असते. वेगवेगळे धातू एकत्र आले की काय होतं हे मोठमोठ्यांनाही महागात पडलेलं आहे. अमेरिकी नौदलाच्या 'इंडिपेंडन्स' या ॲल्युमिनियमच्या युद्धनौकेत २०११ मध्ये, नौका दाखल होऊन दीड वर्षही झालं नसताना, वॉटरजेटच्या भागात गॅल्व्हॅनिक गंज सापडला होता.

लगदा धुऊन, खड्डे साफ करून आतून डेप्थ गेज लावला. सर्वांत खोल खड्डा ३.४ मिमी, म्हणजे शिल्लक २.५६. बाहेरून मीटर २.७ म्हणाला होता. हा फरक अपेक्षितच असतो. खड्ड्याचं टोक इतकं निमुळतं असतं की तिथून फारसा ध्वनी परत येत नाही, मीटरला त्याच्या थोडा वरचा भाग दिसतो. खड्ड्यात घेतलेलं रीडिंग हे नेहमी थोडं उदार समजावं.

खराब पट्ट्याची हद्द आखायला इको-टू-इकोच कामी आली. जिथे आकडा परत येऊन स्थिर होतो तिथे बाहेरून खडूने रेघ. अंदाजे ४०० बाय २५० मिमीचा पट्टा निघाला. उजवीकडचा जोडीचा कप्पा उघडला, तिथे फोम ओला पण प्लेट ठीक. इंधन टाकीचे आधार, पाण्याच्या टाकीखालचा भाग, डेकवर स्टेनलेसचे बोल्ट जिथे जिथे ॲल्युमिनियममधून गेलेत त्या जागा, सगळीकडे फिरून झालं. बोल्टांभोवती पांढरी पूड आणि रंगाला फोड होते, पण खोली नगण्य.

दुरुस्तीवरून यार्डात वाद झाला. एकाचं म्हणणं, खड्डे वेल्डने भरून घासून टाकू. दुसऱ्याचं, वरून पॅच मारू. पॅच म्हणजे जुन्या प्लेटवर नवी प्लेट, मधल्या फटीत पाणी शिरायला कायमची जागा. ॲल्युमिनियममध्ये मी त्याला नाहीच म्हणतो. खड्डे भरणं एखाददुसऱ्या जागी चालतं, पण तांबं बसलेल्या, ऑक्साइडने भरलेल्या प्लेटवर वेल्ड नीट बसत नाही. धातू साधारण ६०० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याचं ऑक्साइड २,०७० अंशांच्या पुढे. शिवाय ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये अडकून त्याची चाळण करतो. आणि प्रश्न एका खड्ड्याचा नव्हता. पातळ प्लेटची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाने घटते. ६ ची ४.८ झाली तर जाडी वीस टक्के कमी आणि ताकद छत्तीस टक्के. या पट्ट्यातल्या कित्येक जागा त्याच्याही खाली होत्या, आणि पुढे लागूनच इंजिन.

त्यामुळे कापून नवा तुकडा घालायचा ठरलं. खराब पट्ट्याच्या पलीकडे चांगल्या धातूपर्यंत, कोपरे गोल, ५०८३ एच ११६ चीच प्लेट, प्रमाणपत्रासकट, भरणीला ५१८३ ची तार. वेल्डच्या कडेला या प्लेटची ताकद उतरते. मूळ यील्ड, म्हणजे कायमचं वाकण्याआधी सोसतो तो ताण, २१५ मेगापास्कल, तापून मऊ झालेल्या भागात ती १२५ पर्यंत येते. म्हणून जोड कुठे येतो हे बघावं लागतं, फ्रेमला अगदी चिकटून नको आणि दोन फ्रेम्सच्या बरोबर मध्येही नको. यार्डातला वेल्डर बार्जवरचा, पोलादात तरबेज. त्यानेच मोठ्या मनाने सांगितलं की हे माझं काम नव्हे, आणि ॲल्युमिनियमच्या बोटी बांधणाऱ्या ठिकाणचा एक ओळखीचा माणूस बोलावला. वारा आणि दमट हवा अडवायला ताडपत्रीचा आडोसा केला. नंतर डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक तडे दाखवणारा लाल रंग, मारला तेव्हा एका कोपऱ्यावर, जिथे वेल्ड थांबवून पुन्हा सुरू केला होता, लालभडक बारीक रेघ उमटली. घासून पुन्हा भरली, पुन्हा तपासली.

किमतीचं बोलणं थोरल्याने केलं. मालवणी माणसाला घासाघीस शिकवावी लागत नाही. विकणारा जुन्या रिपोर्टावर अडून बसला होता, पण कापलेला तुकडा आतली बाजू वर करून टेबलावर ठेवल्यावर त्याचा आवाज खाली आला. दुरुस्तीचा खर्च आणि वर थोडी रक्कम किमतीतून वजा झाली.

पाण्यात सोडण्याआधी राहिलेली कामं आटपली. फ्रेम्सची भोकं मोकळी केली. फोम परत ठोकला नाही. ठोकळे पट्ट्यांवर उचलून, हाताने काढता येतील असे बसवले. पंपाची वायर बिल्जच्या वरून नेली, सांधे चिकटणाऱ्या श्रिंक ट्यूबमध्ये बंद केले आणि फ्यूज घातला. बोटीऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेल्या झिंकच्या ठोकळ्यांवर कुणीतरी प्रेमाने रंग मारून ठेवला होता, म्हणजे ते असून नसल्यासारखे. त्यांच्या जागी तसेच झिजणारे ॲल्युमिनियमचे अॅनोड बसवले. बोट पाण्यात गेल्यावर सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडने अंगाचं विद्युत विभव मोजलं, संरक्षण मिळतंय का ते त्यावरून कळतं, उणे ९७० मिलिव्होल्ट आलं. उणे ९०० ते उणे १,१०० च्या दरम्यान ठीक समजतात. जास्त ऋण झालं की जास्त संरक्षण असं पोलादाच्या लोकांना वाटतं, पण ॲल्युमिनियमला तेही मानवत नाही. पृष्ठभागाशी अल्क तयार होतो आणि पुन्हा तीच कथा. म्हणून समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे अॅनोड या बोटीला कधी लावू नका, हे भावांना लिहून दिलं.

नव्या रिपोर्टात चौकटी जुन्या नकाशावरच्याच ठेवल्या, म्हणजे दोन्ही शेजारी लावून बघता येतील. प्रत्येक रीडिंगपुढे रंग होता की काढला, कोणती पद्धत, कोणता प्रोब आणि प्लेटच्या मागे काय आहे, हे लिहिलं. आकडा आला नाही तिथे 'रीडिंग नाही' असं लिहून आतला फोटो जोडला. सागरी मंडळाकडे प्रवासी बोटीची नोंदणी करताना हे कागद लागणार होते, आणि पुढच्या पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की दुसऱ्या कुणालाही त्याच जागी प्रोब टेकवता यायला हवा.

एक गोष्ट बाकी राहिली. उजव्या इंजिनाच्या एक्झॉस्टजवळच्या प्लेटचा रंग तापून पिवळट झाला होता. ५०८३ मध्ये मॅग्नेशियम चार ते पाच टक्क्यांच्या दरम्यान असतं. अशी प्लेट दीर्घकाळ ६५ अंशांच्या वर तापत राहिली तर ते कणांच्या सीमांवर जमा होत जातं आणि पुढे तिथून तडे जाऊ शकतात. याला संवेदीकरण म्हणतात. जाडी मात्र एक दशांशानेही कमी होत नाही. मीटर तिथे ६.० च दाखवणार, आणि दाखवत होताच. खात्री करायची तर प्लेटचा तुकडा कापून प्रयोगशाळेत नायट्रिक ॲसिडची वजनघट चाचणी करावी लागते. नुकताच तळ कापून जोडलेल्या बोटीची चांगली दिसणारी दुसरी प्लेट कापायला भाऊ तयार झाले नाहीत, आणि मीही आग्रह धरला नाही. एक्झॉस्टला उष्णतारोधक गुंडाळी घालायला लावली, त्या भागापुढे 'संवेदीकरण तपासलेलं नाही' असं लिहिलं, आणि दर वर्षी तिथल्या वेल्डवर डाय पेनिट्रंट मारायची अट घातली. थोरल्याने ती ओळ दोनदा वाचली आणि मग सही केली.